करंट मोजताना मीटर शून्य दाखवतो, व्होल्टेज मात्र ठीक: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

"मीटर बिघडलाय" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मल्टिमीटरांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. व्होल्टेज नीट दाखवतो, कंटिन्युइटीला (वायर अखंड आहे का ते बघताना) पीप वाजते, पण करंट मोजायला घेतला की शून्य. मीटर उघडण्याआधी मी एकच विचारतो: शेवटचा करंट मोजल्यावर लगेच काय मोजलं? उत्तर ठरलेलं असतं. "काही नाही, बॅटरीला किती व्होल्ट आहेत ते बघितलं." त्या 'काही नाही'मध्येच फ्यूज गेलेला असतो.

अर्थात दर वेळी फ्यूजच असतो असं नाही. फ्यूजच असणार म्हणून मीटर उघडून बसलो आणि अर्ध्या तासाने कळलं की लीड, म्हणजे मीटरची मोजायची वायर, तुटलेली आहे, हे माझ्या हातून एकदा नाही, तीनदा झालंय. म्हणून खालचा क्रम. जे फुकटात आणि बसल्या जागी तपासता येतं ते आधी, स्क्रू-ड्रायव्हर नंतर. हे सगळं बॅटरीवर किंवा छोट्या डीसी सप्लायवर चालणाऱ्या सर्किटांपुरतं आहे. भिंतीतल्या मेन्स सप्लायचा विषय वेगळा, तो शेवटी.

लक्षणं

मीटरचा आकडा बघण्याआधी सर्किटकडे बघा. मीटर मध्ये घातल्यावर दिवा लागतोय का, मोटर फिरतेय का, यावर निम्मं निदान होतं.

- लोड (दिवा, मोटर, सर्किटने चालवायचं जे काही असेल ते) बंद पडतो आणि मीटर शून्य दाखवतो: करंटची वाट मीटरपाशी तुटली आहे. फ्यूज, लीड किंवा चुकीचं सॉकेट.
- लोड नेहमीसारखा चालतो आणि तरी मीटर शून्य: करंट मीटरमधून जातच नाही, किंवा निवडलेल्या रेंजला दिसणार नाही इतका कमी आहे.
- लोड बंद पडतो आणि मीटरवर बॅटरीचं जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दिसतं: नॉब व्होल्टवर आहे आणि मीटर सिरीजमध्ये बसलाय. मीटर निर्दोष आहे.
- लोड चालतो, पण दिवा मंद होतो किंवा बोर्ड सारखा रीसेट होतो: मीटर स्वतःच व्होल्टेज खातोय.
- लोड नीट चालतो, पण मीटरचे आकडे सगळीकडेच जास्त दिसतात: मीटरची बॅटरी.
- व्होल्ट मोजायला टोकं टेकवली आणि ठिणगी उडाली किंवा सप्लाय बसला: टोकं लगेच उचला. लीड करंटच्या सॉकेटमध्ये आहे.

आकड्याच्या आधी वजा चिन्ह आलं तर तो बिघाड नाही, लाल-काळं टोक उलट लागलंय एवढंच. डाव्या कडेला नुसता १ किंवा 'ओएल' दिसणं म्हणजे रेंजच्या बाहेरचं मोजताय. मीटर घेऊन दुकान गाठायची ही कारणं नव्हेत.

हा बिघाड परत परत का होतो

एकाच डब्यात दोन परस्परविरोधी यंत्रं आहेत, म्हणून. व्होल्टमीटर समांतर जोडतात. त्याने सर्किटमधून काहीच घेऊ नये, म्हणून त्याचा रेझिस्टन्स प्रचंड ठेवतात, डिजिटल मीटरमध्ये बहुधा १० मेगाओहम. अँपिअरमीटर एकसर, म्हणजे सिरीजमध्ये जोडतात. सगळा करंट त्याच्यातून जायचा असतो आणि त्याने वाटेत अडवणूक करू नये, म्हणून त्याचा रेझिस्टन्स नगण्य. १० अँपिअरच्या रेंजला आत असतो तो साधारण ०.०१ ओहमचा जाड तारेचा तुकडा. त्याला शंट म्हणतात. मीटर मोजतो ते त्या तुकड्यावर पडणारं व्होल्टेज, आणि त्यावरून करंट दाखवतो. थोडक्यात, डिजिटल मीटर मुळात व्होल्टमीटरच आहे, करंट तो आडवळणाने काढतो.

आता लीड करंटच्या सॉकेटमध्ये राहिली आणि टोकं १२ व्होल्टच्या बॅटरीला समोरासमोर लावली, तर काय होईल? बॅटरीच्या दोन टोकांत तारेचा तुकडा ठेवल्यासारखंच. शंट आणि लीड मिळून ०.१ ओहमच्या आसपास, म्हणजे हिशोबाने शंभराच्या वर अँपिअर. मध्ये फ्यूज असेल तर तो जातो. नसेल तर लीड जाते, शंट जातो, कधी बोर्डवरची तांब्याची पट्टी उडते.

व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर वेगवेगळे डबे होते तेव्हा ही चूक करायलाही वेगळं यंत्र उचलावं लागे. १९२३ साली ब्रिटिश पोस्ट ऑफिसातले अभियंते डोनाल्ड मॅकाडी यांच्या कल्पनेतून 'एव्हो' मीटर बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांच्या आद्याक्षरांवरून ते नाव. तीन यंत्रांचं ओझं एकावर आलं आणि चूक करणं नॉबच्या एका खाचेइतकं सोपं झालं. पुढच्या एव्होंमध्ये सुईवर ताण आला की खटका पडून सर्किट तोडणारं बटण दिलेलं होतं. म्हणजे लोक ही चूक तेव्हाही करत होते.

पहिली तपासणी: लीड कुठे खोचली आहे आणि नॉब कुठे आहे

खर्च शून्य, वेळ दहा सेकंद. काळी लीड 'कॉम'मध्ये, म्हणजे सगळ्या मोजमापांच्या सामायिक सॉकेटमध्ये, ती हलत नाही. लाल लीडचं घर बदलतं. चार सॉकेटांच्या मीटरमध्ये व्होल्ट-ओहमचं, मिलिअँपिअरचं आणि १० अँपिअरचं अशी तीन वेगळी घरं असतात. तीन सॉकेटांच्या छोट्या मीटरमध्ये व्होल्ट, ओहम आणि मिलिअँपिअर यांचं सॉकेट एकच असतं, आणि १० अँपिअरचं वेगळं. दुसऱ्या प्रकारात घोळ जास्त, कारण लीड योग्य जागी असूनही नॉब मिलिअँपिअरवर राहिला तर परिणाम तोच.

नॉब १० अँपिअरवर आणि लीड व्होल्टच्या सॉकेटमध्ये, ही जोडी मी सर्वात जास्त वेळा पाहिली आहे. लोड बंद, आकडा शून्य, आणि मीटरवाल्याला शिव्या. यात काही जळत नाही, फक्त अर्धा तास जातो. याच्या उलट जोडी, म्हणजे लीड १० अँपिअरमध्ये आणि नॉब व्होल्टवर, ही घातक. शंट 'कॉम' आणि १० अँपिअरच्या सॉकेटांमध्ये कायमचा जोडलेला असतो, नॉब कुठेही असो. "मी तर व्होल्टवर ठेवला होता" हे म्हणणं खरं असतं आणि निरुपयोगीही.

दुसरी तपासणी: मीटर खरोखर सिरीजमध्ये आहे का

सप्लाय बंद करा. सर्किटमधली एक वायर एका जागी सोडवा. सुटलेल्या दोन टोकांच्या मध्ये मीटर घाला. सप्लाय चालू करा. एवढंच, पण वायर सोडवायचा कंटाळा येतो आणि मग टोकं लोडच्या दोन बाजूंना टेकवली जातात.

खूण सोपी आहे. मीटर काढून घेतला तर लोड बंद पडला पाहिजे. नाही पडला, तर करंटला दुसरी वाट आहे. ब्रेडबोर्डवर (भोकांत वायरी खोचून सर्किट जुळवायची पाटी) हे हमखास होतं: वायर काढली असं वाटतं, पण शेजारच्या भोकातली दुसरी जोडवायर तोच जोड देत असते. दोन दिवे समांतर असतील आणि मीटर एकाच फांदीत असेल, तर आकडा त्या फांदीपुरताच येणार. एकूण हवा असेल तर मीटर बॅटरीच्या टोकापाशी, फांद्या फुटण्याआधी बसवा.

तिसरी तपासणी: रेंज आणि एसी-डीसी

१० अँपिअरच्या रेंजला साधा मीटर ०.०१ अँपिअर, म्हणजे १० मिलिअँपिअरच्या पायऱ्यांनी मोजतो. ८ मिलिअँपिअरवर पेटणारा एलईडी त्याला ०.०१ किंवा ०.०० दिसतो. एलईडी लख्ख पेटलेला आणि मीटरवर शून्य, यात मीटर खोटं बोलत नाही, त्याच्या फूटपट्टीवर मिलिमीटरच नाहीत. करंट किती असेल याचा अंदाज नसेल तर सुरुवात मोठ्या रेंजनेच करा, १५०-२०० मिलिअँपिअरच्या आत असल्याचं दिसलं की सप्लाय बंद करा, लीड मिलिअँपिअरच्या घरात हलवा आणि पुन्हा मोजा. चालू सर्किटमध्ये लीड ओढून दुसऱ्या घरात घालू नका.

एसी-डीसीची गफलत जास्त मजेशीर आहे. चांगला मीटर एसीवर ठेवून डीसी मोजला तर शून्याच्या जवळपास दाखवतो. पण काही स्वस्त मीटरांत एसीच्या वाटेवर फक्त एक डायोड, म्हणजे एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग, असतो. अशा मीटरने ९ व्होल्टची बॅटरी एसी रेंजवर मोजली तर एका बाजूने जवळपास २० व्होल्ट येतात आणि टोकं उलटी केली की शून्य. कारण अर्ध्या लहरीच्या सरासरीवरून पूर्ण आकडा काढायला तो सगळ्याला २.२२ ने गुणत असतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एक धडधाकट मीटर बिघडलेला म्हणून बाजूला ठेवला होता.

चौथी तपासणी: लीड

मीटरचा सर्वात जास्त हाताळला जाणारा आणि सर्वात स्वस्त भाग. वायर आतून तुटते, वरचं आवरण शाबूत राहतं. तुटते ती जवळजवळ नेहमी दोन ठिकाणी: प्रोबच्या (हातात धरायच्या टोकाच्या) मानेशी, नाहीतर मीटरमध्ये घुसणाऱ्या प्लगपाशी.

नॉब ओहमच्या सर्वात लहान रेंजवर ठेवा, दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट लावा. ०.२ ते ०.५ ओहम आले तर ठीक. आता दोन्ही माना बोटाने हलवा, वाकवा. आकडा उडाला की लीड बदला. वायर कापून पुन्हा डाग देता येतो, मी देतोही, पण फक्त कमी व्होल्टच्या कामाच्या लीडला. मेन्सला लावायची लीड दुरुस्त करून वापरू नये. तिच्या आवरणाचाच तिथे तुम्हाला आधार असतो.

इथे एक फसवं प्रकरण आहे. व्होल्टेज मोजायला १० मेगाओहमच्या वाटेने इतका किरकोळ करंट लागतो की एका तंतूवर लटकलेली लीडही बरोबर व्होल्ट दाखवते. तीच लीड अर्धा अँपिअर वाहायला घेतली की गडबडते. म्हणून 'व्होल्ट बरोबर येतात, म्हणजे लीड चांगली' हा निष्कर्ष काढू नका.

पाचवी तपासणी: मीटरची बॅटरी

बॅटरीचं चिन्ह दिसलं की मोजमाप थांबवा. पडद्यावर आकडे स्पष्ट दिसतात म्हणून लोक महिनोन्‌महिने तसाच चालवतात. मीटर बाहेरच्या व्होल्टेजची तुलना स्वतःच्या आतल्या एका ठराविक व्होल्टेजशी करतो. आयसीएल ७१०६ या जुन्या, अनेक छोट्या मीटरांना जन्म देणाऱ्या चिपमध्ये ते आतलं व्होल्टेज ९ व्होल्टची बॅटरी ७ व्होल्टच्या वर असेतोवरच स्थिर राहतं. त्याखाली ते उतरू लागतं आणि मोजलेला आकडा वर चढू लागतो. गजच आखडला की कापड जास्त भरणारच. ९ व्होल्टच्या नव्या बॅटरीला १०-११ व्होल्ट दिसू लागले, तर आधी मीटरची बॅटरी बदला आणि मगच चार्जरवर संशय घ्या.

सहावी तपासणी: फ्यूज

इथपर्यंत सगळं ठीक आणि लोड अजूनही बंद पडतोय? मग फ्यूज. चार सॉकेटांच्या बऱ्याच मीटरांत तो न उघडता तपासता येतो. नॉब ओहमवर ठेवा, लाल लीडचा प्लग व्होल्ट-ओहमच्या सॉकेटमध्ये, आणि तिचं टोक मिलिअँपिअरच्या सॉकेटच्या आतल्या धातूला टेकवा. मीटर स्वतःचाच फ्यूज आणि शंट मोजतो. काही ओहमचा ठाम आकडा आला तर फ्यूज शाबूत. 'ओएल' आला तर गेला. १० अँपिअरच्या सॉकेटला तेच केलं तर जवळजवळ लीडइतकाच, अर्ध्या ओहमच्या आतला आकडा यायला हवा. काही मीटर या वेळी इशाऱ्याचा आवाज करतात, तो दुर्लक्षित करा.

तीन सॉकेटांच्या मीटरला ही युक्ती चालत नाही. त्याला दुसरा मीटर लागतो, नाहीतर सातव्या तपासणीतलं छोटं सर्किट.

उघडायचं असेल तर दोन्ही लीड काढून बाजूला ठेवा. मीटर कशालाही जोडलेला असताना मागचं झाकण काढायचं नाही. फ्यूज क्लिपमधून काढून मोजा, जागेवर नको, आणि नुसत्या डोळ्यांवर भरवसा नको. काचेतली तार टोपीच्या आत तुटलेली असली तर बाहेरून फ्यूज अखंड दिसतो. काच मात्र बोलते: आत स्वच्छ, मध्ये छोटीशी फट असेल तर करंट मर्यादेपेक्षा थोडाच जास्त गेला होता. काच काळी किंवा आरशासारखी चंदेरी झाली असेल तर थेट शॉर्ट झालाय, म्हणजे लीड करंटमध्ये ठेवून व्होल्ट मोजले गेले. मालक काहीही म्हणो.

नवा फ्यूज घेताना चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: माप, अँपिअर, व्होल्ट आणि वेग. टोपीवर 'एफ' असेल तर तो झटकन जाणारा, 'टी' असेल तर सावकाश जाणारा. मीटरला झटकन जाणाराच हवा. छोट्या मीटरांत बहुधा ५ बाय २० मिलिमीटरचा, २०० मिलिअँपिअर, २५० व्होल्टचा काचेचा फ्यूज असतो. चांगल्या मीटरांत वाळू भरलेला सिरॅमिकचा, ४४० मिलिअँपिअर किंवा ११ अँपिअर, १००० व्होल्टचा. त्याच्या जागी स्वस्त काचेचा बसतो, म्हणून लोक बसवतात. फरक असा की तार वितळल्यावरही जास्त व्होल्टेजला फटीतून ठिणगीची कमान चालू राहते. वाळू ती विझवते. काच ती विझवू शकली नाही तर फुटते, आणि ती तुमच्या हातात असते.

फ्यूजच्या जागी तार, सिगरेटच्या पाकिटातली चांदी किंवा मोठ्या अँपिअरचा फ्यूज: नको. मी उघडलेल्या ज्या मीटरांचे बोर्ड काळे झाले होते त्यांच्यात फ्यूजच्या क्लिपांमध्ये बरेचदा तांब्याची तार सापडली.

फ्यूज बदलला आणि लगेच पुन्हा गेला, तर कारण बाहेर आहे. मोटर सुरू होताना तिच्या चालू करंटच्या कित्येक पट करंट क्षणभर ओढते. १५० मिलिअँपिअरवर फिरणारी मोटर २०० मिलिअँपिअरचा फ्यूज सुरुवातीलाच घालवू शकते. मोटर, मोठे कॅपॅसिटर, दिव्यांच्या माळा असं काही असेल तर १० अँपिअरच्या घरातूनच सुरू करा. पण तिथेही बऱ्याच मीटरांवर १० अँपिअर फक्त १०-१५ सेकंदांसाठी, अशी बारीक अक्षरात सूचना असते. छोट्या मीटरांत या घराला अनेकदा फ्यूजच नसतो, सॉकेटशेजारी तसं लिहिलेलं असतं. वाचा.

सवयीपुरतं सांगतो. करंट मोजून झाला की मीटर सर्किटमधून काढतानाच लाल लीड व्होल्टच्या घरात परत नेतो, नॉब व्होल्टच्या सर्वात मोठ्या रेंजवर ठेवतो, मग बंद करतो. मीटर खाली ठेवून मग लीड बदलू असं म्हटलं की ते राहतं. करंटच्या घरात लीड राहिली तर ओरडणारा मीटर असेल तर तो आवाज बंद करू नका, कितीही डोकं उठलं तरी.

सातवी तपासणी: माहीत असलेलं सर्किट

९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रेझिस्टर, आणि मीटर, सगळं सिरीजमध्ये. २० मिलिअँपिअरच्या रेंजला ९ मिलिअँपिअरच्या आसपास आकडा यायला हवा. सोनेरी पट्ट्याचा रेझिस्टर ५ टक्के इकडेतिकडे असतो, कोरी बॅटरी ९ पेक्षा थोडी जास्तही देते. म्हणून आधी त्याच मीटरने बॅटरीचे व्होल्ट आणि रेझिस्टरचे ओहम मोजा, भागाकार करा, आणि त्याच्याशी ताडून बघा. दोन-तीन टक्क्यांत जुळलं तर मीटर ठीक, शोध सर्किटमध्ये घ्या. मी हे सर्किट एका छोट्या पट्टीवर कायमचं डाग देऊन ठेवलंय. मीटरवर शंका आली की आधी तिथे.

शून्य आलं आणि फ्यूजही चांगला आहे, तर शंट किंवा बोर्डवरची पट्टी गेली आहे. आठवी तपासणी तुमच्यासाठी नाही, थेट शेवटचा भाग वाचा.

आठवी: मीटर मध्ये आला की सर्किटच आजारी पडतं

ही तक्रार अलीकडे जास्त ऐकू येते, कारण ३.३ व्होल्टवर चालणारे वायरलेस बोर्ड आता घराघरांतल्या छंदी लोकांकडे आहेत. मीटर मध्ये घातला की बोर्ड सारखा रीसेट होतो, काढला की सुरळीत.

२०० मिलिअँपिअरच्या रेंजला शंट साधारण १ ओहमचा असतो, २० ला १० ओहम, २ ला १०० ओहम. त्यात फ्यूजचा स्वतःचा रेझिस्टन्स आणि लीड मिळवा. एकूण ३ ओहम धरा. बोर्डने १५० मिलिअँपिअर ओढले की ०.४५ व्होल्ट मीटरमध्येच पडतात आणि बोर्डला पोचतात २.८५. बोर्ड झोपेत असताना २ मिलिअँपिअरच्या रेंजवर मोजत असाल तर आणखी वाईट. तो जागा होऊन ५० मिलिअँपिअर मागतो, आणि १०० ओहमच्या वाटेने तेवढा करंट यायला ५ व्होल्ट मीटरवरच खर्ची पडावे लागतील. तेवढे आहेतच कुठे.

खात्री करायची तर मीटर १० अँपिअरच्या घरात नेऊन बघा. बोर्ड नीट चालू लागला, की दोष रेंजच्या शंटचा. बारीक आकडा हवाच असेल तर मीटर सिरीजमध्ये घालूच नका. ०.१ ओहमचा, किमान १ वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये कायम ठेवा आणि त्याच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. १ अँपिअरला १०० मिलिव्होल्ट, हिशोब तोंडी होतो. २ अँपिअरला तो ०.४ वॅट उष्णता काढतो, म्हणून १ वॅटचा सांगितला. यात फ्यूज जायची भीतीही नाही, कारण मीटर सतत व्होल्टवरच राहतो. मला विचाराल तर कामाच्या टेबलावर करंट मोजायची हीच रीत बरी.

व्होल्टेजच्या बाजूची दोन भुतं

पहिलं: मोजल्याने व्होल्टेज उतरतं. दोन १ मेगाओहमचे रेझिस्टर सिरीजमध्ये ९ व्होल्टला लावा, मधल्या बिंदूवर ४.५ व्होल्ट यायला हवेत. १० मेगाओहमचा मीटर ४.२९ दाखवेल. आतून १ मेगाओहम असलेला छोटा मीटर ३ दाखवेल. २० किलोओहम प्रति व्होल्टचा सुईवाला मीटर १० व्होल्टच्या रेंजवर १.२९ दाखवेल. तिन्ही मीटर प्रामाणिक आहेत, समांतर लागून प्रत्येकाने सर्किटच बदललं.

दुसरं: कुठेच न जोडलेल्या वायरवर पन्नास-साठ व्होल्ट एसी. शेजारून चालू वायर गेली की दोघींमध्ये कॅपॅसिटरसारखा नाजूक जोड तयार होतो, आणि १० मेगाओहमच्या मीटरला तेवढं पुरतं. काही मीटरांत कमी रेझिस्टन्सची वेगळी रेंज असते, तिथे भूत पळतं आणि खरं व्होल्टेज राहतं. मात्र मेन्सच्या वायरवर 'भूतच असेल' असं धरून हात लावणं हा मूर्खपणा आहे. ती चालू आहे असंच समजा.

क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा) शून्य दाखवत असेल तर दोनच गोष्टी बघा: जबड्यात जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वायरी एकत्र आहेत का (त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात), आणि मीटर फक्त एसीचा असून तुम्ही डीसी मोजताय का. करंट फार कमी असेल तर वायरचे जबड्याभोवती दहा वेढे घ्या आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

- मेन्सवरचा करंट. वायर तोडून मीटर सिरीजमध्ये घालायचा विचारही नको. बाहेरून क्लॅम्प लावता येत असेल तर लावा, त्यासाठी वितरण पेटीचं झाकण उघडावं लागत असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन. त्याच्या मीटरवर 'कॅट थ्री' किंवा 'कॅट फोर' असं लिहिलेलं असतं. ती अक्षरं मीटर किती व्होल्ट मोजतो हे सांगत नाहीत, लाइनवर अचानक येणारा झटका त्या ठिकाणी किती सोसेल हे सांगतात. तुमच्या छोट्या मीटरवर ६०० व्होल्ट छापलंय म्हणून तो पेटीत वापरायचा नसतो.
- मीटरच्या आत जळका वास, काळा डाग, वितळलेलं सॉकेट, उडालेली पट्टी. फ्यूज बदलून असा मीटर 'चालू' होईलही, पण आतली अंतरं आणि आवरणं आता भरवशाची नाहीत. तो बॅटरीच्या खेळांपुरता ठेवा किंवा टाकून द्या. महागाचा असेल तर कॅलिब्रेशन करणाऱ्यांकडे पाठवा.
- सौर पॅनेलांची माळ, इन्व्हर्टरची किंवा वाहनाची बॅटरी बँक. डीसीची ठिणगी एसीसारखी शून्यातून जात नाही, त्यामुळे ती आपणहून विझत नाही. आणि बॅटरी बँक शॉर्ट झाली की पाना लाल होतो.
- मायक्रोवेव्ह ओव्हनच्या आतलं काहीही. प्लग काढल्यावरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये हजारो व्होल्ट राहू शकतात, बहुतेक मल्टिमीटरांची मर्यादा त्याच्या खाली संपते.
- पॅनेलवरचा अँपिअरमीटर शून्य किंवा निम्मा दाखवतो. त्याच्या मागे करंट ट्रान्सफॉर्मर असतो, मुख्य लाइनचा मोठा करंट ठराविक प्रमाणात कमी करून मीटरला देणारा. १००/५ ची डायल आणि २००/५ चा ट्रान्सफॉर्मर, एवढ्यानेही आकडा निम्मा येतो. मागची वायर काढून तपासायचा मोह होतो, पण मुख्य लाइन चालू असताना त्या ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू उघडी पडली की तिथे जीवघेणं व्होल्टेज उभं राहतं. इलेक्ट्रिशियन आधी ती बाजू शॉर्ट करतो, मगच मीटर काढतो.

त्याला बोलावलंत तर लोड चालू होता की बंद, आकडा शून्य होता की निम्मा, आणि त्याआधी शेवटचं काय मोजलं होतं, हे तिन्ही सांगा.